मी, स्वीडनचा राजा आणि मागे राहिलेल्या गाड्या

मी आयुष्यात कधी बंदूक हातात धरलेली नाही. कॉलेजात एनसीसीला गेलो तेव्हाही माझी तब्येत बघून मला बँडमध्ये टाकलं होतं. तरीही दुबई मरीनातल्या एका टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर मी चार महिने स्वीडनच्या सैन्यात सेनापती होतो. ही बढती मी मागितली नव्हती. ती आमच्या साहेबांनी दिली, आणि साहेबांनी दिलेलं नाकारायची आमच्या ऑफिसात पद्धत नव्हती.

आमची कंपनी समारंभांना लागणारं सामान भाड्याने देते. तंबू, खुर्च्या, गालिचे, जनरेटर, गार हवा फेकणारे मोठे चिलर. पुण्यात हा धंदा करणाऱ्याला मंडपवाला म्हणतात. इथे कार्डावर ‘इव्हेंट सोल्यूशन्स’ छापलं की तोच माणूस टाय लावतो. मी गोदाम आणि वाहतूक सांभाळतो. गोदाम अल कुसैसला, ऑफिस मरीनाला आणि घर शारजात अल मजाजला, त्यामुळे माझ्या नोकरीचा निम्मा काळ पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचण्यात गेला आहे.

साहेब स्वीडनचे. साठीला आलेले, ताडमाड उंच, आवाज कधी न चढवणारे. वीस वर्षं आखातात काढूनही त्यांना इथला कुठला नाद लागला नव्हता. गोल्फ नाही, बोट नाही, ब्रंच नाही. वेड एकच. त्यांच्या देशाचा एक राजा तीनशे वर्षांपूर्वी रशियावर चालून गेला आणि हरला. तो हरला हे साहेबांना ठाऊक होतं, पण मान्य नव्हतं.

ती हकिगत आम्हा सगळ्यांना त्यांनी इतक्या वेळा सांगितली की मी झोपेतही म्हणू शकेन. राजा तरुण होता, बऱ्याच लढाया जिंकून आलेला. त्याच्या मागून एक सेनापती हजारो गाड्यांमध्ये धान्य आणि दारूगोळा भरून येत होता. रस्त्यांचा चिखल झाला, गाड्या रखडल्या. राजा काही आठवडे थांबला, मग कंटाळला आणि दक्षिणेला वळला. मागच्या गाड्या शत्रूने गाठल्या. उरल्यासुरल्या गाड्या त्या सेनापतीने आपल्याच हाताने जाळल्या आणि निम्म्या माणसांनिशी, रिकाम्या हाताने तो राजाला येऊन मिळाला. मग भयंकर हिवाळा आला. पुढच्या उन्हाळ्यात मोठी लढाई झाली आणि तीत सगळा खेळ आटोपला. राजाच्या पायाला गोळी लागलेली, त्यामुळे ती लढाई त्याने डोलीत पडून पाहिली. तिथून तो तुर्कांच्या मुलखात पळाला आणि पाच वर्षं तिथेच राहिला.

पाच वर्षं परक्या मुलखात, पुढच्या वर्षी नक्की घरी जाऊ म्हणत! एवढं ऐकल्यावर मात्र टेबलाभोवतीचे आम्ही सगळे त्या राजाकडे जरा आपुलकीने बघायला लागलो.

दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी, जेवणानंतर, साहेब मीटिंगच्या टेबलावर आठ फुटी नकाशा पसरायचे आणि घरून आणलेले धातूचे छोटे शिपाई त्यावर मांडायचे. एकेक शिपाई चाळीस दिरहमचा, म्हणजे आपले हजारभर रुपये. खेळाचा नियम असा: इतिहासातला एक निर्णय बदलायचा आणि पुढचं फाशांवर सोडायचं. एचआरने या खेळाची नोंद ‘नेतृत्व प्रशिक्षण’ अशी केली होती, कारण वर्षाकाठी अमुक तास प्रशिक्षण दाखवावं लागतं आणि साहेबांचा खेळ फुकटात पडत होता.

राजा अर्थातच साहेब. घोडदळ सेल्सच्या प्रमुखाकडे. हा दिल्लीचा, चाळिशीचा, कायम घाईत असलेला गृहस्थ. मला साहेब म्हणाले, “तू गाड्यांचा सेनापती. नाहीतरी तू तेच करतोस.”

पहिल्या गुरुवारी त्यांनी बदललेला निर्णय ऐकून मी चाटच पडलो. मला वाटलं होतं, राजा गाड्यांसाठी थांबेल. पण साहेबांच्या मते राजाची चूक थांबण्यात होती. तो मुळीच थांबला नसता आणि दक्षिणेला न वळता तडक मॉस्कोवर गेला असता, तर जग वेगळं झालं असतं.

मी विचारलं, “साहेब, पण सैन्य खाणार काय?”

साहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “हा गोदामातला विचार झाला,” ते म्हणाले.

“मोमेंटम, सर!” सेल्सचा प्रमुख म्हणाला. “मोमेंटम असला की बाकी सगळं मागून येतं.”

मोमेंटम खाता येतो हे मला नवीन होतं. फासे पडले. पहिल्या फेकीत राजाचे दोन हजार घोडे उपासाने मेले, तेव्हा साहेब म्हणाले की निर्णय बदलल्यावर हवामानही बदललं असतं, आणि फासे पुन्हा टाकले. तीन चाळीसला मॉस्को पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गाड्या तेव्हा टेबलाच्या कडेला, कुणीतरी ठेवलेल्या कॉफीच्या कपामागे अडकून होत्या.

चार महिन्यांत आम्ही चार वेळा मॉस्को घेतलं. माझ्या गाड्या त्या कपाच्या पुढे एकदाही सरकल्या नाहीत.

घरी हे सांगितलं की बायको हसायची. ती इथल्या एका शाळेत गणित शिकवते. “तुम्हाला एवढं नवल काय वाटतं?” ती म्हणाली. “आमचे बाबा दर रविवारी पानिपत जिंकायचे. शेजारचे दोघं यायचे, सतरंजीवर सुपारीचे तुकडे मांडायचे. इथे असं वळायला हवं होतं, तिथे तसं थांबायला हवं होतं. दिल्ली घ्यायचे, अटकेपार जायचे. मग आई आतून विचारायची, पोळ्या टाकू का? की सगळे सरदार उठले हात धुवायला.”

“डॅड, इट्स जस्ट अ गेम,” मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली. ती दहावीत आहे.

मलाही तसंच वाटत होतं. मग मे महिना आला.

एका बड्या कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांचा सहकुटुंब मेळावा वाळवंटात ठरवला. आठशे पाहुणे, सूर्यास्त बघायचा, मग जेवण. मे महिन्यात वाळवंटात सूर्यास्त बघायची कल्पना ज्याला सुचली त्याने सूर्य फक्त काचेआडून पाहिलेला असणार, पण ऑर्डर मोठी होती आणि सेल्सच्या प्रमुखाने ‘इन्शाल्ला, नो प्रॉब्लेम’ म्हणून हस्तांदोलन करून टाकलं होतं. अडचण एवढीच की आमचे मोठे जनरेटर आणि चिलर अबुधाबीच्या एका कामावर गेलेले होते, आणि ते मेळाव्याच्या दिवशी सकाळीच मोकळे व्हायचे होते.

मी साहेबांना म्हटलं, “सगळं एकत्रच पाठवू. सकाळची ट्रकबंदीची वेळ संपली की गाड्या निघतील, दुपारी एकच्या सुमारास पोचतील. माणसंही तेव्हाच जाऊ देत.”

साहेबांच्या डोळ्यांत ती गुरुवारची चमक आली. “नाही. पहिली तुकडी सकाळी सातलाच निघेल. तंबू, गालिचे, खुर्च्या आणि चाळीस कामगार. आपण वेगाने पुढे जाऊन जागा ताब्यात घ्यायची. मी स्वतः जातो.”

पाण्याचा टँकर माझ्या यादीत होता, म्हणजे मागच्या गाड्यांबरोबर. पुढच्या तुकडीकडे बाटल्यांचे दहाबारा खोके. हे मला दिसत होतं. मी तोंड उघडलं, साहेबांच्या शेजारी उभा असलेला सेल्सचा प्रमुख पाहिला, ‘गोदामातला विचार’ आठवला, आणि म्हणालो, “येस, सर.”

इतके दिवस मी बाकीच्यांच्या होयबापणाला मनातल्या मनात हसत होतो. तो हक्क त्या क्षणी संपला.

दुसऱ्या दिवशी सहा ट्रेलर, एक टँकर आणि एक फोर-व्हील पिकअप असा आमचा तांडा निघाला. पुढच्या ट्रेलरमध्ये मी, आणि चालवायला पेशावरचा एक म्हातारा ड्रायव्हर, ज्याला सगळे चाचा म्हणत. चाचाने या देशातले रस्ते व्हायच्या आधीपासून गाड्या हाकल्या होत्या. तो फारसा बोलत नसे, आणि गाडीत लावलेली गाणी त्याला चालत नसत.

ठरलेल्या जागी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. तिथे कुणीच नव्हतं. वाळू, टायरच्या खुणा आणि गुंडाळलेला एक गालिचा. फोनला रेंज नाही. मी खाली उतरून हाका मारल्या, जसा काही चाळीस माणसं आणि आठशे खुर्च्यांचा ढीग झुडपामागे लपून बसला आहे.

चाचाने वाळूवरच्या खुणा पाहिल्या आणि हाताने दाखवलं. “ये लोग उधर गया. जुनूब.”

जुनूब म्हणजे दक्षिण. राजाही तिकडेच वळला होता.

नंतर कळलं ते असं. सेल्सच्या प्रमुखाला तिथे गेल्यावर वाटलं की दक्षिणेकडच्या मोठ्या टेकाडामागून सूर्यास्त जास्त चांगला दिसेल. साहेबांना कल्पना आवडली. मागच्या गाड्यांना निरोप पाठवायचा राहिला, कारण रेंज नव्हती, आणि माणूस ठेवायचा राहिला, कारण वेग.

आम्ही खुणांच्या मागे निघालो. अर्धा किलोमीटर गेलो नाही तोच दुसरा ट्रेलर रुतला. त्याला काढायला गेलेला तिसरा रुतला. टँकर तर जागचा हलायलाच तयार नव्हता. उन्हाने पत्रा असा तापला होता की दार उघडताना हाताला रुमाल गुंडाळावा लागत होता.

माझ्याकडे आता एकच धड वाहन होतं, ती पिकअप. सहा ट्रेलरमधलं सामान माझ्या सहीने बाहेर पडलं होतं. ते उघड्यावर टाकून गेलो आणि काही झालं तर जबाब मलाच द्यायचा होता. शिवाय चिलरशिवाय पोचून करायचं काय? मी पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. खरं सांगायचं तर त्या पाच मिनिटांत माझ्या डोक्यात साहेब नव्हते, कामगारही नव्हते. मी खुलाशाचा ईमेल मनात लिहीत होतो.

चाचा पिकअपच्या चाकांतली हवा कमी करत होता, वाळूत चालावी म्हणून. मान वर न करता म्हणाला, “साब, मशीन को प्यास नहीं लगता.”

तेवढं पुरलं. टँकरमधून जितके ड्रम भरता आले तितके भरले, एक लहान जनरेटर आणि दोन कूलर चढवले, बाकी सगळं तिथेच सोडलं आणि निघालो.

टेकाड ओलांडल्यावर खाली जे दिसलं ते मी विसरणार नाही. लाल गालिचे एका रेषेत अंथरलेले. त्यांवर आठशे खुर्च्या, प्रत्येकीला पांढरा बो बांधलेला, सगळ्या ओळीने पश्चिमेकडे तोंड करून. कामात खोट काढायला जागा नव्हती. एक तंबू अर्धा उभा होता, आणि त्याच्या तेवढ्या सावलीत चाळीस माणसं एकमेकांना चिकटून बसली होती. पाणी अकरालाच संपलं होतं, आणि साहेबांची मोठी गाडी टेकाडाच्या पायथ्याशी चाकं पुरून बसली होती.

साहेब गालिच्यावर आडवे होते. चेहरा बीटासारखा लाल, अंगाला घामाचा थेंब नाही, आणि स्वीडिशमध्ये पुटपुटत होते. सेल्सचा प्रमुख पाहुण्यांच्या बैठकव्यवस्थेच्या नकाशाने त्यांना वारा घालत होता. मला पाहून तो म्हणाला, “चिलर किधर हैं?”

मी आजवर कुणाच्या अंगावर हात टाकलेला नाही. त्या दिवशीही टाकला नाही, एवढीच नोंद करतो.

कामगारांना आधी पाणी वाटलं, घोट घोट. टेबलक्लॉथ भिजवून साहेबांच्या अंगावर टाकले, जनरेटर लावून कूलर त्यांच्याकडे वळवला. थोडे हलले, पण डोळे स्थिर होईनात. त्यांना दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. सव्वासहा फुटी माणूस उचलायचा कशावर? मग बुफेचं एक टेबल पाय दुमडून घेतलं, त्यावर त्यांना निजवलं, आणि चार जणांनी ते खांद्यावर घेतलं. आठशे रिकाम्या खुर्च्यांच्या मधल्या वाटेने ती डोली पिकअपपर्यंत गेली. साहेब शुद्धीवर असते तर त्यांनी नक्की ओळखलं असतं, इतिहासातलं हे कुठलं पान आहे.

“पण गेस्ट?” सेल्सचा प्रमुख म्हणाला. “साडेचारला बसेस निघतील. क्लायंटला कोण सांगणार?”

“तुम्ही.”

“मी? मी आजवर क्लायंटला नाही म्हटलेलं नाही.”

ते खरं होतं. मीच टेकाडावर चढलो. वर दोन काड्या रेंज होती. क्लायंटच्या कंपनीत एक लेबनीज बाई हे काम बघत होत्या, अतिशय कडक म्हणून आमच्याकडे त्यांची ख्याती होती. मी त्यांना सांगितलं, “मॅडम, आज कार्यक्रम होणार नाही. आमची माणसं उन्हाने आजारी पडली आहेत. बसेस सोडू नका.”

मग त्या म्हणाल्या, “खलास?”

“खलास, मॅडम.”

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांनी विचारलं, “किती माणसं? सगळी ठीक आहेत ना? आमची ॲम्ब्युलन्स तयार असते, हमरस्त्यावर पाठवू का?”

मला एकदम रडू आलं. दोन काड्यांच्या रेंजवर, तोंडावर रुमाल धरून, मी हो म्हणालो.

साहेब तीन दिवस दवाखान्यात होते. कामगारांपैकी दोघांना सलाईन लागलं, ते संध्याकाळपर्यंत घरी आले. बाकीच्यांना चाचाने पिकअपच्या फेऱ्या करून हमरस्त्यावर आणलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी साहेबांना भेटायला गेलो. बायकोने मऊ भात, मेतकूट आणि वर तूप असा डबा दिला होता. दवाखान्यातल्या सूपला कंटाळलेल्या त्या माणसाने डबा चमच्याने खरवडून संपवला. डब्याला झाकण लावता लावता मी म्हटलं, “साहेब, आमच्याकडेही एक हरलेली लढाई आहे. आम्हीही ती दर रविवारी जिंकतो.”

मी त्यांना पानिपत सांगितलं. घरापासून इतकं दूर गेलेलं सैन्य, बरोबर बायकापोरं आणि यात्रेकरू, तोडलेली रसद, उपासमार, आणि मग भुकेल्या पोटी दिलेली लढाई. साहेब उशीला टेकून बसले. परिचारिकेकडून पेन मागून घेतलं आणि डब्याखालच्या कागदी रुमालावर लिहायला लागले. तोंडं किती होती? धान्य कुठून येत होतं? वाट कधी तुटली? त्यानंतर किती दिवस काढले? माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या दोन शेजाऱ्यांनी एवढ्या वर्षांत धान्याबद्दल एक प्रश्न काढला नव्हता.

शेवटी साहेबांनी पेन आपटलं. “पण हा शुद्ध मूर्खपणा आहे! एवढं मोठं सैन्य, एवढ्या लांब, आणि भाकरीची सोय कुणी पाहिली नाही?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“बोल,” साहेब म्हणाले. “बोललास तरी चालेल.”

“नको, साहेब.”

थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, “त्या दिवशी तू का नाही बोललास? तुला तर कळलं होतं.”

“बोललो असतो तर तुम्ही ऐकलं असतंत?”

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. “नाही,” ते म्हणाले. “पण तुला नंतर बरं वाटलं असतं.”

कंपनीने चौकशी केली. निष्कर्ष निघाला ‘संवादाचा अभाव’, आणि त्यासाठी आम्हा सगळ्यांना दोन दिवसांचं संवाद-प्रशिक्षण देण्यात आलं. त्यात आम्ही डोळे मिटून एकमेकांना चेंडू दिले. सेल्सच्या प्रमुखाला संकटाचा प्रत्यक्ष अनुभव असल्यामुळे ‘रिस्क’ खातंही त्याच्याकडेच सोपवलं गेलं. मला एक काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं, त्यावर ‘चपळाईसाठी’ असं इंग्रजीत कोरलं होतं. चाचाला काही मिळालं नाही, कारण तो कंत्राटदाराच्या पटावर होता. मी त्याला घरी जेवायला बोलावलं. आला, भरपूर जेवला, आणि पुरणपोळी दुधात का बुडवतात असं विचारून मुलीला इतकं हसवलं की ती चक्क मराठीत बोलली.

गुरुवारचे खेळ बंद झाले. प्रशिक्षणाचे तास भरायला एचआरने योगाची बाई लावली. साहेबांनी मात्र स्वतः एक नियम लिहिला, एका ओळीचा, आणि गोदामाच्या दारावर चिकटवला: साइटवर आधी पाणी पोचेल, मग माणूस. खाली त्यांची सही. नेतृत्व कसं करावं यावर त्यांनी आम्हाला चार महिने व्याख्यानं दिली, पण कामाची म्हणावी अशी ही एवढीच ओळ.

नोव्हेंबरात त्या लेबनीज बाईंनी पुन्हा ऑर्डर दिली. तीच जागा, तोच मेळावा. कामगारांची बस आणि साहेबांची गाडी वेळेवर निघाली, आणि टँकर नेमका तासभर उशिरा. बस हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशी थांबवली. मी बसमध्ये होतो; मागच्या गाडीतून सेल्सच्या प्रमुखाचे मला सतरा फोन आले. अठरावा साहेबांना गेला. साहेब आपल्या गाडीतून उतरले, बसमध्ये चढले आणि दोन कामगारांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला लावून, बसले.

“सर, आपण थोडे पुढे जाऊया का?” सेल्सचा प्रमुख दारातून म्हणाला.

“नाही,” साहेब म्हणाले. शेजारच्या बिहारी कामगाराने डबा उघडला होता. त्याने अर्धा पराठा लोणच्यासकट साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो घेतला, आणि मग नाकातोंडातून पाणी येईपर्यंत खोकले, कारण त्यांनी मिरची आख्खी खाल्ली. सगळी बस हसली. साहेबही.

त्या दिवशी एका तंबूचा पडदा शेवटपर्यंत लागला नाही, आणि दिव्यांची एक माळ उलटी टांगली गेली. बाईंनी दोन्ही गोष्टी यादीत लिहून घेतल्या. पाहुण्यांनी सूर्यास्ताकडे पाठ करून फोटो काढले आणि जेवायला रांग लावली.